साहेबांनी खाल्लेलं भरीत

आमचे साहेब माणसांना हुंगायचे. खोटं नाही सांगत. सकाळी काम सुरू व्हायच्या आधी आतल्या दाराशी नुसत्या मोज्यांवर उभे राहायचे आणि आम्ही एकेक जण समोर गेलो की मान पुढे काढून, डोळे मिटून, नाक वर करून हुंगायचे. "खोबरेल! जा, धुऊन ये." "बिडी. पाणी पी आणि अर्धा तास बाहेर बस." बायकांपासून दोन हात लांब उभं राहून हुंगायचे, एवढी सभ्यता होती. पहिल्याच दिवशी मला म्हणाले, "पावडर लावलीस का गं? कामाला आलीस की कांदेपोह्यांना?" मी रडायचीच बाकी होते. घरी फोन केला तर आई म्हणाली, "अशी कुठं नोकरी असते का? मुकाट्यानं भडगावला परत ये."

आता कंपनी कसली ते सांगते, नाहीतर तुम्हीही माझ्या मावशीसारखं विचाराल. वेफरच्या कंपनीत लागले म्हटल्यावर ती म्हणाली होती, "केळीचे का बटाट्याचे? येताना चुऱ्याची पिशवी आण." तर ते वेफर नव्हेत. सिलिकॉनची जाडजूड कांडी बाहेरून यायची. तिच्या आम्ही पातळ चकत्या कापायचो, घासायचो, आरशासारख्या लखलखीत करायचो आणि धुवायचो. तुमच्या मोबाईलमधली चिप असल्याच चकतीवर तयार होते. चकतीवर धुळीचा एक कण बसला, डोळ्यांना न दिसणारा, तरी तेवढी जागा वाया. म्हणून शेवटचं सगळं काम क्लीनरूममध्ये चालायचं. चहूबाजूंनी बंद खोली, गाळलेली हवा, अंगावर नखशिखान्त पांढरा सूट, तोंडाला मास्क, डोळे तेवढे उघडे. भिंतीवर एक मीटर होता. हवेत कण वाढले की तो लाल व्हायचा आणि काम थांबायचं.

हे असलं नाजूक लफडं जळगावात, तेही एका डाळ मिलच्या आवारात! शेठचा पिढीजात धंदा तूरडाळीचा. त्यांच्या डोक्यात कोणीतरी भरवलं की आता जग डाळीवर नाही, चिपांवर चालतं. झालं, शेठनं मागचं गोदाम रिकामं करून तिथे क्लीनरूम उभी केली. या बाजूला आम्ही हवा गाळतोय आणि त्या बाजूला तुरीची फोलपटं उडताहेत. साहेब आल्याच्या पहिल्याच आठवड्यात शेठच्या केबिनमध्ये शिरले आणि म्हणाले, "एकतर तुमची डाळ राहील, नाहीतर मी." शेठ म्हणाले, "साहेब, डाळीवर तर तुमचा पगार निघतो." मग मिलच्या बाजूला आढ्यापर्यंत भिंत उभी राहिली. साहेब रोज जाता-येता तिच्यावर टिचकी मारून बघायचे.

साहेब मूळचे धुळ्याचे. उभा जन्म बाहेरच्या कारखान्यांत काढून, चांगला पगार सोडून आले होते. आमच्यातला पॉलिशवाला म्हणायचा, "नावातच धूळ घेऊन जन्मले आणि आता धुळीच्या मागे लागले." हा पॉलिशवाला बोदवडचा. साहेब त्याला बोदवडच म्हणायचे आणि मला भडगाव. नावं त्यांच्या लक्षात राहायची नाहीत, किंवा ठेवायची नसतील. "ए भडगाव, इकडं ये. हा कण बघ. दिसला? नाही दिसला? मग पगार कशाचा घेतेस?" रागावले की मात्र त्यांची शुद्ध भाषा गळून पडायची आणि धुळ्याकडची अहिराणी बाहेर यायची. "बठ्ठा उकिरडा शे! माणूस म्हंजे चालता उकिरडा शे!"

सगळा उकिरडा आहे, हे त्यांचं आवडतं तत्त्वज्ञान. यंत्र घाण करत नाही, भिंत घाण करत नाही, माणूस करतो. बोलला की थुंकी, चालला की कातडी, मान हलवली की केस. माणसाशिवाय कारखाना चालवता आला असता तर साहेब फार सुखी झाले असते. चहाच्या वेळी आमच्यात बसायचे, पण असे बसायचे की जणू आम्ही म्हशी आहोत आणि ते बाजूच्या खाटेवर बसलेत.

स्वतःवरचा जुलूमही कमी नव्हता. डोक्याचा तुळतुळीत गोटा, मिशी सफाचट. मे महिन्यात जळगावात डांबर वितळतं, तेव्हासुद्धा पूर्ण बाह्यांचा शर्ट, मनगटाची आणि गळ्याची बटणं घट्ट लावलेली. गोटा पहिल्यांदा केला तेव्हा तर मज्जाच झाली. पारोळ्याचे त्यांचे एक लांबचे मेहुणे भर दुपारी घामाघूम होऊन दारात आले, पागोटं काढून खाली बसले आणि डोळे पुसत म्हणाले, "कळवलं पण नाही हो आम्हाला. कोण गेलं?" साहेब म्हणाले, "केस गेले." मेहुण्यांना वाटलं, धक्क्यानं डोकं फिरलंय. ते आणखी मोठ्यानं रडायला लागले. ही गोष्ट आम्हाला काकूंनी सांगितली. काकू म्हणजे साहेबांच्या मिसेस. हसता हसता त्यांचा पदर खाली पडला होता.

आणि घर? देवा रे देवा. एकदा कागदांवर सही घ्यायला गेले तर ओट्यावर जाळी, पंख्यावर बोटभर काळा थर, स्कूटरच्या सीटवर मांजरीनं पिल्लं घातलेली. काकू संधिवातानं बसलेल्या आणि साहेब त्या पसाऱ्यात पेपर वाचत मजेत पडलेले. मी तोंड उघडं टाकून बघत राहिले तर म्हणाले, "काय बघतेस? इथं काय चिपा काढायच्यात?"

बोदवडच्या मिशीचं प्रकरण तर अख्ख्या आवारात गाजलं. मिशीतून कण पडतात, तेव्हा पुरुषांनी मिशा काढा, असं फर्मान निघालं. बाकीच्यांनी काढल्या. बोदवड म्हणाला, जीव घ्या पण मिशी नाही, माझा बाप जिवंत आहे. आमच्याकडे बाप गेल्यावर मिशी उतरवतात, हे साहेबांना माहीत नव्हतं असं थोडंच आहे. पण ऐकतील तर साहेब कसले! तिसऱ्या दिवशी बोदवडचे आबा स्वतः गेटवर हजर. धोतर, हातात काठी, वॉचमनच्या खुर्चीवर ठाण मांडलेलं.

"कुठी हाय तुमचा सायब? बोलवा त्याले. माह्या पोराची मिशी कायले काढतो? मी मेलो का?"

साहेब बाहेर आले. आम्ही सगळे खिडकीला. साहेबांनी आबांना वाकून नमस्कार केला आणि आपल्या अहिराणीत म्हणाले, "आबा, तुम्ही शंभर वरीस जगा. मन्हं भांडण मिशीसंगे शे, तुमनासंगे नही."

आबा चाट पडले. मग दोघांनी गेटवर बसून चहा घेतला, आबांनी काचेतून आतलं सगळं पाहिलं, आणि तडजोड अशी निघाली की मिशी राहील पण तिच्यावर मास्कच्या आतून आणखी एक जाळीचं फडकं बांधायचं. त्या फडक्याला आबांनी जाताना नाव दिलं, मिशीचा लंगोट. ते नाव इतकं चिकटलं की सामानाच्या मागणीतसुद्धा लंगोटच लिहायला लागले.

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं खरं, पण आमच्या मानेवर सुरी होती. शेठनं स्पष्ट सांगून टाकलं होतं की या हिवाळ्यात गिऱ्हाईक पक्कं झालं तर ठीक, नाहीतर मशिनं विकून इथे पुन्हा तुरीची पोती लावतो. शेठचं चुकत होतं असं मी म्हणणार नाही, किती दिवस डाळीनं सिलिकॉनला पोसायचं? पण माझं काय? आमच्या वर्गातली झाडून सगळी पोरं-पोरी पुण्याला गेली. जळगावात राहून, शनिवारी एसटीनं भडगावला घरी जाऊन अशी नोकरी करणारी मी एकटी. ही गेली की पुण्याला चुलत मामाकडे जायचं नाहीतर एरंडोलच्या स्थळाला हो म्हणायचं, असं घरात ठरूनच बसलं होतं. त्या स्थळाचा फोटो मी पाहिला होता. मला नोकरी हवी होती.

साहेबांचंही तेच दुखणं होतं. कधीतरी चांगल्या मूडमध्ये असले की म्हणायचे, "आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या गावात खान्देशातली पोरं कामाला लावली. एकदा आपल्या गावात लावून बघू." आणि लगेच, "जा आता, केस झाक नीट."

गिऱ्हाइकाचे दोन पाहुणे बंगळूरहून यायचे ठरले. त्यांच्या डोळ्यांदेखत चकत्यांचा एक लॉट धुऊन काढायचा, तो पास तर ऑर्डर. साहेबांनी आठ दिवस आधी नियम आणखी कडक केले. तेल नाही, क्रीम नाही, व्हॅसलीन नाही. थंडीनं ओठ फुटले तरी चालतील. आमच्या टाचांना भेगा पडल्या, हात खरखरीत झाले, पण बोलायची कोणाची टाप नव्हती.

आणि शेठनं काय करावं? आदल्या दिवशी पाहुण्यांसाठी शेतावर भरीतपार्टी ठेवली.

जळगावचा माणूस थंडीत पाहुण्याला भरीत न खिलवता परत पाठवेल तर त्याचं नाक कापलं जाईल. साहेबांनी डोकं आपटून सांगितलं, "शेठ, परवा ठेवा. काम झाल्यावर ठेवा." शेठ म्हणाले, "पाहुणा आधी जेवतो साहेब, मग काम. आमच्यात तसंच आहे." साहेब आले नाहीत. आम्ही मात्र सगळे गेलो. भरिताला नाही कोण म्हणणार? पऱ्हाटीचा, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्यांचा, जाळ पेटवलेला, त्यात हिरवी-पांढरी वांगी टाकलेली, धूर सगळ्या मळ्यात. जाळाभोवती आम्ही कोंडाळं करून शेकत बसलो. वांगी सोलून ठेचली, हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात, सोबत ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. पाहुण्यांच्या नाकाडोळ्यांतून पाणी वाहत होतं तरी हात थांबत नव्हते. बोदवडनं किती खाल्लं ते सांगत नाही, त्याचं लग्न व्हायचंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाराशी साहेब. पहिला बोदवड पुढे झाला. साहेबांनी हुंगलं आणि त्यांचा चेहराच पडला. मग मी, मग बाकीचे दोघं. शेवटी पाहुणे. साहेबांनी त्यांनासुद्धा हुंगलं, मागे उभ्या शेठनं कपाळावर हात मारला. पऱ्हाटीचा धूर केसांत बसला की एका अंघोळीत जातो का? आम्ही सगळेच भाजलेल्या वांग्यासारखे घमघमत होतो.

"कोणी आत जाणार नाही," साहेब म्हणाले.

शेठ ओरडले, "अहो, पाहुण्यांना संध्याकाळी गाडी आहे!"

"मग लवकर अंघोळ करा."

माणसांनी बोअरच्या नळाखाली, बायकांनी आतल्या बाथरूममध्ये, मिलमधून बादल्यांनी गरम पाणी येतंय. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातल्या शाम्पूच्या सगळ्या पुड्या संपल्या. बंगळूरचे ते दोन साहेब शेठच्या मिलमधले पंचे गुंडाळून, कुडकुडत, डोक्याला दुसऱ्यांदा शाम्पू चोळत उभे होते. एक जण मात्र खूश होता, म्हणत होता, अशी तपासणी आपण जन्मात केली नाही. पुन्हा हुंगणं झालं. पास झालो.

आत साहेब, बोदवड, मी, आमचे दोघे आणि एक पाहुणा. दुसरा पाहुणा काचेबाहेर शेठजवळ. लॉट चढवायच्या आधी मीटर बघितला तर आकडा वर चढतोय. बघता बघता लाल. साहेबांनी हात वर केला, सगळं थांबलं. काचेपलीकडे शेठ तोंड वळवून उभे राहिले. तुरीची पोती त्यांच्या डोळ्यांसमोर आली असणार.

साहेब शांत होते. म्हणाले, "एकेकानं बाहेर जा. मी आकडा बघतो." आधी पाहुणा गेला. लालच. आमचे दोघे गेले. लालच. बोदवडकडे साहेबांनी असं पाहिलं की लंगोटासकट तो निम्मा झाला. तोही गेला. लाल.

राहिलो मी आणि साहेब.

"भडगाव, जा."

मी गेले. दाराबाहेर उभं राहून काचेतून मीटर बघत होते आणि मनात म्हणत होते, देवा, माझंच असू दे, मी पुन्हा दहा अंघोळी करीन. लाल तो लालच.

आत साहेब एकटे. क्षणभर ते मीटरकडे बघत राहिले. मग दार उघडून बाहेर आले आणि मला म्हणाले, "तू आत जा. आकडा सांग."

मी आत गेले. आकडा हळूहळू उतरत हिरव्यात आला. मी नुसती मान हलवली.

मग साहेबांनी मास्क खाली ओढला, खो खो हसले आणि शेठना म्हणाले, "खाल्लं हो मी पण! काल बायकोला अंगणात पऱ्हाटी पेटवून भरीत करायला लावलं. एकटाच बसलो होतो, राहवलं नाही!"

काय हशा पिकला म्हणता! शेठ पोट धरून खाली बसले. पाहुण्यांना हिंदीत समजावून सांगितल्यावर तेही हसले. "सगळ्यांना उकिरडा म्हणत होते आणि स्वतःच धूर करून आले!" बोदवडला तर जणू मिशीचा सूड मिळाला. तसाच हसत तो, आमचे दोघे आणि पाहुणा आत आले, आम्ही लॉट चढवला. साहेब काचेबाहेर हात मागे बांधून उभे राहिले. दिवसभरात त्यांनी बाहेरून एक शब्द सांगितला नाही. दिव्याखाली मी एकेक चकती फिरवून बघत होते तेव्हा कळलं की सांगायची गरजच नव्हती, त्या माणसानं आमच्या हाडात भरून ठेवलं होतं सगळं. लॉट पास झाला. शेठनं गेटबाहेर नारळ फोडला. मी आईला फोन करून म्हटलं, एरंडोलला नाही म्हणून कळव.

दुसऱ्या दिवशी साहेब आले नाहीत. शेठनं पेढ्यांचा पुडा माझ्या हातात दिला, "जा, आमच्या भरीतवाल्याला देऊन ये."

दार उघडंच होतं. अंगणात उन्हात साहेब नुसत्या बिनबाह्यांच्या बंडीवर बसले होते आणि काकू त्यांच्या दंडाला मलम लावत होत्या. उघडे हात मी पहिल्यांदाच पाहत होते. खांद्यापासून मनगटापर्यंत कातडी लाल, ठिकठिकाणी चिरलेली, तिच्यावर पांढरे पापुद्रे. खाली सतरंजीवर कोंडा पडावा तसा सडा पडलेला.

काकू चिडलेल्याच होत्या, म्हणाल्या, "ये गं, बघ तुझ्या साहेबांचे प्रताप. थंडीत हे असंच वाढतं त्यांचं, रोज दोनदा मलम लागतं. आठ दिवस लावू दिलं नाही. म्हणे, पोरांना तेल बंद केलं आणि मीच चोपडून जाऊ? वर काल पहाटेपासून कढत पाण्यानं साबण लावून तीनदा अंघोळ!"

मी पेढ्यांचा पुडा पुढे केला. काहीतरी बोलायचं म्हणून बोलले, "आणि काकू, तुम्ही भरीत कशाला करून घातलंत?"

"भरीत?" काकू म्हणाल्या. "अगं, वांगं तर वैद्यांनी कधीचंच बंद केलंय. मी लग्न होऊन आल्यापासून या घरात वांगं शिजलं नाही."

साहेब पेढ्याचा तुकडा मोडत होते. म्हणाले, "भडगाव, बाहेर बोललीस तर याद राख."

"पण खोटं कशाला सांगितलंत? सगळे हसले ना तुम्हाला."

"हसले तर हसले. हे सांगितलं असतं तर च्च च्च केलं असतं. ते मला नाही चालत." मग पेढा तोंडात टाकून म्हणाले, "तूप कमी आहे."

मला रडू आलं. त्यांनी पाहिलं आणि म्हणाले, "डोळे पूस. उद्या कामावर यायचंय."

त्यानंतर साहेब क्लीनरूममध्ये कधीच गेले नाहीत. दाराशी उभे राहायचे, काचेतून ओरडायचे. लोकांना वाटलं, भरताची लाज वाटते म्हणून जात नाहीत. मागून त्यांचं नाव भरीतसाहेब पडलं. त्यांच्या कानावर जायचं, ते हसायचे. आता ते सुरतेला मुलीकडे असतात, पण जायच्या आधी आणखी एक हिवाळा आमच्यात होते. त्या हिवाळ्यात शेठनं पुन्हा पार्टी ठेवली, आणि या खेपेला शहाणपणानं दुसऱ्या दिवशी कारखान्याला सुट्टी दिली.

सगळे पंगतीला बसले. शेठ वगराळं घेऊन स्वतः वाढत होते. साहेबांसमोर आले तसा बोदवड ओरडला, "भरीतसाहेबांना डबल!" सगळ्या पंगतीनं तेच धरलं, डबल, डबल! शेठनं साहेबांच्या ताटात भरताचा डोंगर केला आणि बघत उभे राहिले. साहेबांनी भाकरीचा तुकडा मोडला, भरताला लावला आणि तसाच हातात धरून शेजारच्याशी पिकापाण्याचं काहीतरी बोलत बसले.

मी माझं ताट उचललं आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसले. "शेठ, तिकडे पाहुण्यांची भाकरी संपली वाटतं," म्हटलं. शेठ वळले, बाकीच्यांनी माना वळवल्या, तेवढ्यात मी तो सगळा डोंगर माझ्या ताटात ओढला आणि खायला लागले. मिरची जहाल होती. निम्मा संपतोय तोच बोदवडचं लक्ष गेलं.

"अरे बापरे! साहेबांचं ताट साफ! शेठ, इकडे या, इकडे!"

शेठ वगराळं भरून पुन्हा निघाले.

साहेब मान खाली घालून हळूच म्हणाले, "भडगाव, पोट फुटेल तुझं."

"फुटू द्या," मी म्हटलं, आणि ओरडले, "वाढा शेठ, साहेबांना अजून वाढा!"